रिव्हर्स टाकला, पण मागचं दिसत नाही: बॅक कॅमेऱ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करताना जे प्रश्न सतत कानावर येतात, ते इथे एकत्र केलेत. बहुतेक जण ‘कॅमेरा गेलाय, नवा टाकून द्या’ असं म्हणतच येतात. प्रत्यक्षात कॅमेरा तसा सहजी मरत नाही. त्याच्यापर्यंत जाणारी वायर आधी मरते. त्यामुळे पाकिटात हात घालण्याआधी थोडं तपासून बघा. खालची बरीचशी उत्तरं बाहेरून बसवलेल्या कॅमेऱ्याबद्दल आहेत. कंपनीच्या कॅमेऱ्याचा मामला वेगळा असेल तिथे तसं लिहिलंय.

रिव्हर्स टाकला की स्क्रीन काळी. म्हणजे कॅमेरा गेला ना?

घाई नको. आधी एवढंच बघा, की रिव्हर्स टाकल्यावर स्क्रीन बदलते का? गाणं किंवा नकाशा जाऊन काळा-निळा पडदा आला, त्यावर ‘नो सिग्नल’ आलं, तर गाडी रिव्हर्समध्ये आहे हे स्क्रीनला कळलंय, फक्त चित्र पोचत नाहीये. दोष कॅमेऱ्याच्या सप्लायमध्ये, व्हिडिओच्या केबलमध्ये किंवा खुद्द कॅमेऱ्यात. पण स्क्रीन बदललीच नाही, गाणं आपलं वाजतच राहिलं, तर कॅमेऱ्यावर खापर फोडू नका. स्क्रीनला रिव्हर्सचा इशाराच मिळालेला नाही. कॅमेरा मागे व्यवस्थित चालू असण्याचीही शक्यता आहे.

हे समजायला वायरिंग डोळ्यांसमोर आणा. मॅन्युअल गाडीत गिअरबॉक्सवर एक छोटा स्विच असतो. रिव्हर्स पडला की तो मागच्या पांढऱ्या लाइटला १२ व्होल्ट सोडतो. त्याच लाइटच्या वायरवरून कॅमेऱ्याला सप्लाय काढलेला असतो आणि तिथूनच एक बारीक वायर, बहुतेक वेळा पिवळ्या पिनच्या केबललाच चिकटलेली लाल वायर, पुढे स्क्रीनपर्यंत जाते. चित्र त्या पिवळ्या पिनच्या केबलमधून येतं. एवढंच आहे सगळं.

म्हणून पहिली तपासणी फुकटातली: रिव्हर्स लाइट लागतो का? इग्निशन ऑन, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकामागे वीट, आणि गिअर रिव्हर्समध्ये. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेकवरचा पाय अजिबात काढायचा नाही. गाडीची पाठ भिंतीकडे असेल तर मागे कुणाला उभं करायची गरजच नाही, भिंतीवरचा उजेड आरशात दिसतो. काही गाड्यांना रिव्हर्स लाइट एकाच बाजूला असतो, तेव्हा एकच लागला म्हणून दचकू नका.

रिव्हर्स लाइटच लागत नाही. मग?

मग बल्ब, फ्यूज आणि गिअरबॉक्सवरचा स्विच, याच क्रमाने बघा. फ्यूज कुठला ते फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: ७.५ अँपिअरचा तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. लाल उडाला म्हणून ‘जरा दणकट’ निळा घालणारे लोक आहेत. तसं केलं की पुढच्या वेळी फ्यूज उडत नाही, वायर जळते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी उघडी वायर बॉडीला टेकतेय, आणि ती जागा बहुधा कॅमेरा बसवताना केलेल्या जोडाचीच निघते.

स्विच तपासायला त्याचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लास्टिकचा प्लग, काढून दोन्ही पिना वायरच्या तुकड्याने जोडतात. लाइट लागला तर स्विच खराब. गाडीखाली जायचं काम आहे, हे मेकॅनिककडूनच करून घ्या.

डिकी उघडली की चित्र येतं, लावली की जातं. हे काय गौडबंगाल आहे?

हॅचबॅक आणि एसयूव्हीमधला हा सगळ्यात नेहमीचा आजार, आणि याच्याच पायी सर्वांत जास्त चांगले कॅमेरे भंगारात जातात.

डिकीच्या दारात कॅमेरा, नंबर प्लेटचा दिवा, मागचा वायपर, काचेचा हीटर, वरचा ब्रेक लाइट असं बरंच काही असतं. या सगळ्यांच्या वायरी छतातून दारात जाताना बिजागरीपाशी एका रबरी नळीतून जातात. गॅरेजमध्ये तिला बूट म्हणतात. दार उघडलं की वायर ताणते, लावलं की दुमडते. शाळेची दप्तरं, भाजी, सोसायटीतून घ्यायचे पाण्याचे कॅन, आजीची व्हीलचेअर... घरच्या गाडीची डिकी दिवसातून किती वेळा उघडते ते तुम्हीच बघा. काही वर्षांनी आतलं तांबं तुटतं. गंमत अशी, की वरचं प्लास्टिक शाबूत असतं. नुसतं बघून काहीच कळत नाही. वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढली की तुटलेल्या जागी प्लास्टिक रबरबँडसारखं ताणतं. तिथे आत तांबं उरलेलं नाही.

तपासायला दोन माणसं लागतात. गाडी वर सांगितल्याप्रमाणे जागच्या जागी रिव्हर्समध्ये, एक जण स्क्रीनकडे बघतोय, दुसरा डिकी अगदी सावकाश वर नेतोय आणि खाली आणतोय. ठरावीक कोनात चित्र लुकलुकलं की दोष सापडलाच म्हणा. त्याच सुमारास नंबर प्लेटचा दिवा किंवा मागचा वायपरही रुसला असेल तर शंकाच नको.

दुरुस्ती कशी करतात यावर सगळं अवलंबून आहे. तुटलेली दोन टोकं पिळून वर काळी टेप गुंडाळणारा कारागीर लवकर मोकळा होतो, आणि तुम्ही पुढच्या पावसाळ्यात परत त्याच्या दारात. नीट पद्धत अशी: नळीच्या दोन्ही बाजूंना, जिथे वायर दुमडत नाही तिथे, जोड द्यायचे. मधला तुकडा मऊ, बारीक तारांच्या वायरीचा आणि जरा सैल. जोड सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी. सगळे जोड एकाच जागी न घेता मागेपुढे. व्हिडिओच्या केबलला मात्र मध्ये जोड देण्यापेक्षा ती सबंध बदललेली बरी. तिच्यावरच्या जाळीचा जोड जरा कमी पडला की चित्रावर आडव्या रेघा येतात. काम करणाऱ्याला सुरू करण्याआधीच विचारा, ‘दादा, जोड नळीच्या आत देणार की बाहेर?’ उत्तरावरून माणूस कळतो.

घरी मल्टिमीटर आहे. मी स्वतः काय तपासू शकतो?

बरंच. मीटर नसेल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत साधा डिजिटल मीटर मिळून जातो, आणि तो घरात इतर कामांनाही येतो.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. डिकीच्या आतलं प्लास्टिकचं कव्हर क्लिपांवर असतं, ते हळूच काढलं की कॅमेऱ्याचा कपलर हाताला लागतो. गाडी रिव्हर्समध्ये ठेवून काळी पिन कॅमेऱ्याच्या काळ्या वायरवर, लाल पिन लाल वायरवर. इंजिन बंद असताना १२ च्या आसपास आकडा आला तर सप्लाय ठीक. आकडा आलाच नाही तर काळी पिन तिथून काढून बॉडीच्या उघड्या धातूवर टेकवा. आता १२ दिसले तर अर्थिंग सुटलंय. रंगावरच स्क्रू पिळून अर्थ घेतलेला असला की असं होतं. थोडा रंग खरवडून स्क्रू पुन्हा घट्ट केला की काम झालं. ११ च्या खाली रेंगाळत असेल तर जोड गंजलाय किंवा बॅटरीच बसत आलीय. बॅटरीवर तोच आकडा दिसतो का बघा.

सप्लाय ठीक असूनही चित्र नसेल तर उरले दोघंच, केबल आणि कॅमेरा. इथे लोक सगळी गाडी उघडून बसतात. त्याआधी एक जादा केबल घ्या, कॅमेऱ्याला लावा, सीटवरून तशीच उघडी स्क्रीनपर्यंत न्या आणि मागच्या बाजूला जोडा. चित्र आलं तर कॅमेरा निर्दोष सुटला.

कंपनीतून आलेल्या कॅमेऱ्यावर हे प्रयोग करू नका. काही गाड्यांतले मूळ कॅमेरे १२ नाही, साधारण ६ व्होल्टवर चालतात. त्यांना थेट बॅटरी दाखवली तर जो चांगला होता तोही जाईल.

पावसाळ्यात चित्र धुरकट होतं, उन्हाळ्यात आपोआप बरं होतं. दुर्लक्ष करू का?

धूसरपणा काचेच्या बाहेर आहे की आत, ते आधी ठरवा. ओल्या मऊ कापडाने पुसून गेला तर बाहेरचा. ताम्हिणीतून किंवा सिंहगडावरून येताना मागच्या चाकांनी उडवलेला चिखल नेमका तिथेच बसतो. हॅचबॅकची पाठ सरळ उभी, त्यामुळे घाण ओढून घेण्यात ती पटाईत.

पुसूनही गेला नाही आणि काचेमागे बारीक थेंब दिसत असतील तर आत पाणी शिरलंय. उन्हात वाळेल, पुढच्या सरीला परत येईल, आणि एक दिवस आतली सर्किटची पाटी गंजून कायमचा बंद पडेल. वरून सिलिकॉन फासून उपयोग होत नाही, उलट आतलं पाणी आतच कोंडतं. असा कॅमेरा बदलावा. नवा घेताना आयपी ६७ किंवा त्यावरचं रेटिंग बघा, धूळ-पाणी किती अडतं ते त्यावरून कळतं. त्यातला शेवटचा ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरण्याची चाचणी. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याची चाचणी वेगळी असते, म्हणून पोराला सांगा, ‘कॅमेऱ्यावर गन धरू नको, लांबून मार.’

काचेवर पांढरे डाग पडलेत. टूथपेस्टने घासू का?

अजिबात नको. लेन्सवरचा थर खरवडला जातो आणि मग रात्री प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसतं. हे डाग बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचे. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून हलक्या हाताने पुसा, लगेच साध्या पाण्याने धुवा. थिनर, पेट्रोल, भांडी घासायची घासणी, सगळं वर्ज्य.

एलईडी बल्ब टाकल्यापासून चित्र थरथरतं.

मग उत्तर तुमच्याच हातात आहे. जुना बल्ब परत लावून बघा. काही गाड्या रिव्हर्स लाइटला सलग करंट न देता ठोके देत पुरवतात. साध्या बल्बला ते जाणवत नाही, स्वस्तातला एलईडी आणि कॅमेरा दोघंही त्यावर नाचतात. एलईडी ठेवायचाच असेल तर कॅमेऱ्याला सप्लाय रिलेमधून (इशारा मिळाला की वेगळ्या वायरीने करंट सोडणारा स्विच) द्या किंवा मध्ये फिल्टर टाका.

नवा अँड्रॉइड स्टिरिओ बसवला आणि जुन्या कॅमेऱ्याचं चित्र गेलं. दुकानदार म्हणतो कॅमेराही नवा घ्या.

लगेच होकार देऊ नका. हल्ली कॅमेरे दोन जातींचे येतात, जुन्या पद्धतीचे सीव्हीबीएस आणि जास्त स्पष्ट चित्राचे एएचडी. कॅमेरा एका जातीचा आणि स्टिरिओचं सेटिंग दुसऱ्या जातीचं असलं की पडदा काळा राहतो, किंवा कृष्णधवल पट्टे सरकत राहतात. सेटिंगमध्ये कॅमेऱ्याचा प्रकार बदलता येतो. कधी तो मेनू कोड टाकल्याशिवाय उघडत नाही. तो कोड बसवणाऱ्याकडेच मागा, नाही कसा देणार? तिथेच पाल आणि एनटीएससी असा व्हिडिओच्या पद्धतीचाही पर्याय सापडेल, चित्र वरखाली पळत असेल तर तो बदलून बघा.

याच स्टिरिओंची आणखी एक तक्रार येते: सकाळी गाडी सुरू करून लगेच रिव्हर्स टाकला तर चित्र उशिरा येतं. स्टिरिओ चालू होतोय, तोवर थांबा.

चित्र उलटं दिसतं. डावीकडची गाडी उजवीकडे.

मागे बघायचा कॅमेरा आरशासारखं चित्र दाखवतो, दाखवायलाच हवं. खात्री करायला अंधारात भिंतीकडे पाठ करून डावा इंडिकेटर लावा. स्क्रीनवरही डावीकडेच उजेड लुकलुकला पाहिजे. उजवीकडे लुकलुकला तर स्टिरिओच्या सेटिंगमध्ये ‘मिरर’ शोधा. तिथे नसेल तर बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांच्या वायरीला एक-दोन छोटे फास दिलेले असतात. त्यातला एक कापला की चित्र पालटतं, दुसरा कापला की स्क्रीनवरच्या अंतराच्या रेषा जातात. रंग प्रत्येक कॅमेऱ्यात तोच असेल असं नाही, खोक्यातला कागद वाचूनच कात्री लावा.

त्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषांवर विश्वास ठेवायचा का?

सपाट जमिनीवर, आणि स्वतः पडताळून घेतल्यावर. बाहेरून बसवलेल्या कॅमेऱ्यातल्या रेषा तुमच्या गाडीसाठी आखलेल्याच नसतात. कॅमेरा बोटभर वर-खाली किंवा तिरका बसला तरी हिशेब चुकतो. एखाद्या रविवारी सोसायटीच्या आवारात बंपरपासून टेपने १ मीटर मोजा, तिथे बादली ठेवा आणि ती कुठल्या रेषेवर येते ते लक्षात ठेवा. तुमच्या गाडीची खरी रेषा ती.

दोन ठिकाणी या रेषा हमखास फसवतात. एक, मागे चढ असताना. बेसमेंट पार्किंगमधून रॅम्पवर रिव्हर्स घेता, तेव्हा मागची वस्तू स्क्रीनवर दिसते त्यापेक्षा जवळ असते, कारण सगळा हिशेब जमीन सपाट धरून केलेला. दुसरं, अधांतरी असलेल्या वस्तू. टेम्पोचा मागे आलेला हौदा, स्टॅक पार्किंगचा लोखंडी सांगाडा, भिंतीतून आलेला पाइप. रेषा जमिनीवर मोजतात, टेम्पोची चाकं लांब दिसतात, आणि हौदा तोवर काचेला भिडलेला असतो.

रात्री स्क्रीनवर नुसत्या मुंग्या.

थोड्या येणारच. कॅमेऱ्याला उजेड रिव्हर्स लाइटचाच, आणि सदाशिव पेठेतल्या बोळात किंवा बेसमेंटच्या कोपऱ्यात तो कितीसा पुरणार? लेन्स पुसा, लाइटची काच पिवळी पडली असेल तर घासून घ्या. पूर्वी स्वच्छ दिसायचं आणि अलीकडेच बिघडलं असेल तर सप्लायचे व्होल्ट मोजा.

गाडी महिनाभर उभी होती, आता कॅमेरा आणि सेन्सर दोन्ही बंद.

उंदीर. निदान पहिला संशय त्याच्यावर घ्या. सोसायटीत कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे भोगावं लागतं. डिकीतलं कार्पेट उचलून लेंड्या किंवा कुरतडलेला कापूस दिसतो का बघा. सेन्सरही बंद आहे म्हणजे दोघांचा सामाईक रिव्हर्स सप्लायच तुटला असणार, त्यामुळे दोन वस्तूंचं बिल कुणी लावलं तर विचारा. आणि मुलांनी मागच्या सीटखाली सांडलेले कुरमुरे आधी काढा.

हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवून आणली आणि कॅमेरा बंद पडला. योगायोग?

बहुतेक नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ही प्लेट नंतर बसवली गेली, आणि कॅमेऱ्याची वायर बऱ्याच गाड्यांत प्लेटच्या मागूनच जाते. प्लेट बसवताना ती चिमटली जाते किंवा कॅमेऱ्याचं तोंड खाली वळतं. बघायला म्हणून प्लेट स्वतः उचकटू नका. तिचं लॉक एकदा तोडलं की परत लागत नाही. डिकीच्या आतल्या बाजूने वायर सैल करता येते का ते आधी बघा. आणि नवा कॅमेरा घ्याल तो प्लेटवरचा एकही आकडा झाकणारा नको.

गाडी वॉरंटीत आहे. बाहेर दाखवू का?

कॅमेरा कंपनीतून आलेला असेल तर नको. सर्व्हिस सेंटरलाच न्या आणि जॉब कार्डवर तक्रार नेमक्या शब्दांत लिहून घ्या. नुसतं ‘कॅमेरा चेक करणे’ नाही, तर ‘रिव्हर्स टाकल्यावर अधूनमधून चित्र जाते, डिकी हलवल्यास परत येते’. बिघाड होत असतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ जवळ ठेवा, कारण गाडी तिथे पोचली की कॅमेरा शहाण्यासारखा वागतो. बाहेरच्या माणसाने मूळ वायर कापून जोड दिला तर वायरिंगची वॉरंटी नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. चारही बाजूंचे कॅमेरे असलेल्या गाडीचा बंपर किंवा आरसा बदलला असेल तर कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्यांची जुळणी, केलं का तेही विचारा. ते राहिलं की चार चित्रांचे सांधे जुळत नाहीत.

शेवटी नवाच घ्यायचा तर कुठे आणि काय बघून?

नाना पेठेत पर्याय भरपूर आणि घासाघीस चालते. घराजवळचा अॅक्सेसरीवाला थोडा महाग पडेल, पण परत जायला सोपा. मी कॅमेऱ्याच्या ब्रँडपेक्षा बसवणाऱ्या हाताला जास्त महत्त्व देतो. मूळ वायर न कापता कपलरला कपलर जोडणारा असेल तर उत्तम. दुकानातून निघण्यापूर्वी डिकी चार-पाच वेळा उघडून-लावून, रिव्हर्स टाकून बघा, आणि बिलावर बसवण्याच्या कामाची वॉरंटी लिहून मागा. रविवारी-बुधवारी जुन्या बाजारात वापरलेले कॅमेरे दिसतात. तिथून कॅमेरा घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आत किती पाणी पिऊन आलाय ते बाहेरून कळत नाही.

कॅमेरा बंद असताना गाडी चालवली तर पोलीस दंड करतील का?

आपल्याकडे खासगी कारला कॅमेऱ्याची सक्ती नाही. एआयएस १४५ या मानकाप्रमाणे १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये मागच्या अडथळ्याचा इशारा देणारी व्यवस्था सक्तीची झाली, म्हणजे तो ‘टीं टीं’ करणारा सेन्सर. ही एआयएस मानकं आपल्या कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था प्रसिद्ध करते. अमेरिकेत मात्र मे २०१८ पासून नव्या गाड्यांना कॅमेराच लागतो. तो नियम आला तो मुख्यतः गाडीमागे उभी असलेली लहान मुलं चालकाला दिसत नाहीत म्हणून.

संध्याकाळी आपल्या पार्किंगमध्ये मुलं खेळत असतात, तेव्हा दंडाचं जाऊ द्या. कॅमेरा बंद असेल तर बसण्याआधी गाडीला एक चक्कर मारा, काच खाली करा, नाहीतर वॉचमन काकांना मागे उभं करा, पण सरळ रेषेत नाही, आरशात दिसतील असे बाजूला.

इन्शुरन्समध्ये बाहेरून बसवलेला कॅमेरा येतो का?

पॉलिसीत नोंदवलेला असेल तर. बिल देऊन इलेक्ट्रिकल अॅक्सेसरीजमध्ये त्याची किंमत लिहून घ्यावी लागते, त्यासाठी थोडा जादा प्रीमियम पडतो. नूतनीकरणाच्या वेळी एजंटला आठवण करा, तो स्वतःहून विचारत नाही.

दसऱ्यानंतर कॅमेऱ्यात नुसता केशरी रंग दिसतोय.

झेंडूचा हार काढा. आणि लेन्सवर कुंकवाचं बोट लागलं असेल तर ते कोरडं न घासता आधी पाण्याने ओलं करा.